डोळे कोणाचे? भयपटाच्या नांदीविषयी काही

संगीत नाटकाला नांदी असते. देवतेचे स्तवन होते, सूत्रधार येतो, पाठोपाठ नटी येते आणि त्या दोघांच्या बोलण्यातून आजचा खेळ कोणता, तो कोणी लिहिला, प्रेक्षकांनी तो कोणत्या नजरेने पाहावा हे ठरून जाते. मूळ कथानक अजून सुरू झालेले नसते, पण प्रेक्षकाला आपली जागा सापडलेली असते. भयपटालाही अशी नांदी असते. तिथे सूत्रधार दिसत नाही आणि स्तवन नेमके कोणाचे चालले आहे हे उमजायला वेळ लागतो, इतकाच काय तो फरक.

चित्रपटाचे शिक्षण घेणारी, किंवा ते न घेता हाती कॅमेरा घेणारी तरुण मंडळी पहिल्या मोठ्या प्रयत्नासाठी भयपटाकडे वळतात, हे जगभर दिसते. त्याची कारणेही उघड आहेत. नामवंत नट लागत नाहीत. एखादे रिकामे घर, चार मित्र आणि काही रात्री एवढ्या भांडवलावर काम सुरू होऊ शकते. शिवाय विनोदाप्रमाणेच भीतीचाही निकाल जागच्या जागी लागतो. प्रेक्षक दचकला की नाही यावर चर्चासत्र भरवावे लागत नाही. म्हणूनच या मंडळींच्या वहीतले पहिले पान बहुधा पहिल्या दचक्याला वाहिलेले असते. दार कसे वाजेल, दिवा कधी जाईल, रक्त कुठे सांडेल याची तजवीज तिथे केलेली असते.

आमचे म्हणणे असे की इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ज्या भयपटांची आरंभदृश्ये आजही अभ्यासली जातात, त्यांत घाबरवणे हे दुय्यम होते. आधी तीन गोष्टी ठरवल्या गेल्या होत्या. प्रेक्षक कोणाच्या डोळ्यांनी पाहणार? पात्रांपेक्षा त्याला किती अधिक ठाऊक असणार? आणि जे दिसते आहे ते त्याने खरे मानायचे की नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर ठरतात आणि त्यांना पैसा लागत नाही. यांतले बरेचसे चित्रपट पैसा नसलेल्या तरुणांनी केले, हा आमच्या मते निव्वळ योगायोग नव्हे. ही साक्ष थोडी क्रमाने तपासून पाहू.

पाहणारा कोण?

सुरुवात मात्र एका सधन स्टुडिओपासून करावी लागेल. १९३१ साली रूबेन मामुलियन यांनी पॅरामाउंटसाठी ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ केला. चित्रपट उघडतो तेव्हा ऑर्गनवर बाख वाजवणारे दोन हात दिसतात आणि हे हात ज्याचे आहेत तो माणूस दिसत नाही. नोकर येऊन बोलतो तो सरळ आपल्याकडे पाहून. कॅमेरा घरातून फिरतो, आरशासमोर थांबतो आणि तिथे जेकिलचा चेहरा प्रथम दिसतो. मग घोडागाडी, मग व्याख्यानगृह. तिथे पोचल्यावरच कॅमेरा जेकिलच्या देहातून बाहेर पडतो आणि त्याला समोरून पाहतो. ध्वनी येऊन अवघी चार वर्षे झाली होती आणि कॅमेरे अवजड होते. तरीही छायालेखक कार्ल स्ट्रस यांच्याकरवी मामुलियन यांनी हा खटाटोप केला, याचे कारण कथेतच होते. एका देहात दोन माणसे राहतात अशी ही गोष्ट. तेव्हा प्रेक्षकाला आधी त्या देहात नेऊन बसवावे आणि मग बाहेर काढावे, हा विचार आरंभदृश्यातच गोष्टीचे सार सांगून टाकतो.

ही युक्ती पुढे अनेकांच्या हाती गेली. १९६० च्या ‘पीपिंग टॉम’मध्ये मायकेल पॉवेल यांनी खुन्याच्या चलच्चित्र कॅमेऱ्यातून आरंभ दाखवला. १९७४ च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ या कॅनडातल्या चित्रपटात नाताळच्या सुमारास एका रात्री कोणी एक जड श्वास टाकत मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीवरून माळ्यावर चढतो आणि आपण त्याच्याबरोबर चढतो. परंतु या युक्तीचे शास्त्र झाले ते १९७८ च्या ‘हॅलोवीन’मध्ये. म्हणून तिथे थोडे रेंगाळले पाहिजे.

जॉन कार्पेंटर हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागाचे विद्यार्थी. तिथेच डॅन ओबॅनन या सहाध्यायाबरोबर विद्यार्थीपट म्हणून सुरू केलेला ‘डार्क स्टार’ वाढत वाढत १९७४ साली पूर्ण लांबीचा होऊन प्रदर्शित झाला. ‘हॅलोवीन’ करताना कार्पेंटर तिशीच्या उंबरठ्यावर होते. हाताशी सुमारे तीन लाख डॉलर होते आणि चित्रीकरणाला जेमतेम वीस-बावीस दिवस. पटकथा त्यांनी आणि निर्मात्या डेब्रा हिल यांनी मिळून लिहिली.

आधी श्रेयनामावली येते. काळ्या पडद्याच्या एका बाजूला कोरलेला भोपळा, आत तेवणारा दिवा, आणि कॅमेरा अतिशय संथपणे त्या भोपळ्याकडे सरकतो. सोबत कार्पेंटर यांनी स्वतः रचलेली पियानोची धून वाजते. तिचा ताल पाच मात्रांचा आहे. चार मात्रांना सरावलेल्या पाश्चात्त्य कानाला प्रत्येक आवर्तनात एक मात्रा अधिक लागते आणि तो कुठे टेकू शकत नाही. कार्पेंटर सांगत की त्यांनी हा चित्रपट संगीताविना एका मोठ्या स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला तेव्हा त्या मुळीच घाबरल्या नाहीत. संगीत चढवल्यावर त्यांचे मत पालटले. एक भोपळा, एक दिवा, एक पियानो: नांदीचा पहिला भाग एवढ्यावर झाला.

मग पडद्यावर गावाचे नाव आणि साल येते: हॅडनफिल्ड, इलिनॉय, १९६३. समोर एक पांढरे घर. कॅमेरा घराकडे जातो, बाजूच्या खिडकीतून आत डोकावतो. एक मुलगी आणि तिचा मित्र सोफ्यावर आहेत. दोघे वर जातात, वरच्या खोलीतला दिवा मालवतो. कॅमेरा घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो. एक हात खण उघडून सुरी उचलतो. मित्र जिना उतरून निघून जातो, कॅमेरा जिना चढतो, वाटेत जमिनीवर पडलेला विदूषकाचा मुखवटा उचलतो, आणि त्या क्षणापासून पडदाभर असलेले दृश्य आक्रसून डोळ्यांच्या दोन भोकांएवढे होते. खून होतो. कॅमेरा खाली उतरतो, बाहेर येतो. गाडी येऊन थांबते. कोणीतरी मुखवटा काढते आणि तेव्हा प्रथमच दृश्य बाहेरून दिसते. विदूषकाच्या झगमगीत पोशाखात, हातात रक्ताळलेली सुरी घेऊन, शून्य चेहऱ्याने सहा वर्षांचा मुलगा उभा आहे. दोन्ही बाजूंना आईबाप. कॅमेरा हळूहळू वर आणि मागे जातो.

आता या दृश्यामागची बेगमी पाहा. स्टेडिकॅम हे अंगावर बांधायचे, चालताना कॅमेरा डगमगू न देणारे उपकरण १९७६ साली प्रथमच मोठ्या चित्रपटांत दिसले होते. पॅनाव्हिजनने त्याला उत्तर म्हणून पॅनाग्लाइड काढले, तेही ताजेच होते. छायालेखक डीन कंडी यांनी ते वापरले. पाहताना सारे अखंड वाटते, परंतु आत कट दडवलेले आहेत. मुखवट्याच्या क्षणी पडदा क्षणभर अंधारतो, ती त्यांपैकी एक जागा. सुरी उचलणारा हात डेब्रा हिल यांचा आहे. सर्वांत गमतीची गोष्ट घराची. दक्षिण पॅसाडेनातले हे घर प्रत्यक्षात पडीक होते आणि पुढच्या कथेला, म्हणजे १९७८ च्या भागाला, ते पडीकच हवे होते. म्हणून आरंभदृश्य अखेरीस चित्रित करायचे ठरले. पडीक घराचे दृश्य आटोपल्यावर मंडळींनी स्वतः रंग फासला, सामान लावले, आणि तेही कॅमेरा जिथून जाईल तेवढ्याच जागी. कॅमेऱ्याची वाट आधी पक्की ठरली असल्याखेरीज हे शक्य नव्हते. चित्रपटाचा पहिला क्षण शेवटी घडला, पण ठरला मात्र सर्वांआधी. नियोजन ते याला म्हणावे.

आणि हा सारा खटाटोप कशासाठी? दचका देण्यासाठी म्हणावे तर या दृश्यात दचका जवळजवळ नाही. चार मिनिटे प्रेक्षकाने स्वतःच्या पायांनी चालल्यासारखे चालायचे, स्वतःच्या हाताने खण उघडायचा, आणि शेवटी हे डोळे आपण कोणाकडून उसने घेतले होते हे पाहायचे, असा तो बेत आहे. राक्षस दिसेल असे वाटत असताना लेकरू दिसते. पुढे सगळ्या चित्रपटभर त्या मुलाचे ‘का’ सांगितले जात नाही, आणि ते न सांगताही चालून जाते, कारण आपण त्याच्या आत बसून आलो आहोत आणि तिथे काहीच सापडलेले नाही.

उसन्या डोळ्यांची किंमत

या बेताचे यश हाच त्याचा शाप ठरला. १९८० साली ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने हीच नांदी उचलली. तिथेही जुने साल, तरुण जोडपे, खुन्याच्या डोळ्यांनी फिरणारा कॅमेरा आहे. परंतु शेवटी मुखवटा निघत नाही. खुनी कोण हे लपवून ठेवण्यापुरतीच खुन्याची दृष्टी उरते. पाठोपाठ अशा चित्रपटांची रांग लागली. त्याच वर्षी रॉजर ईबर्ट आणि जीन सिस्केल या समीक्षकद्वयाने दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग या लाटेविरुद्ध वाहिला. हे चित्रपट प्रेक्षकाला खुन्याच्या जागी उभे करतात आणि स्त्रीला सावज म्हणून पाहायला शिकवतात, असा त्यांचा आक्षेप होता. लक्षात घेण्याजोगी बाब ही की ‘हॅलोवीन’ला त्यांनी या आक्षेपातून वगळले, ईबर्ट यांनी तर त्याची भलावण केली होती. पुढे १९९२ साली कॅरल क्लोव्हर यांनी आपल्या ग्रंथात या प्रश्नाला वेगळे वळण दिले. कॅमेरा खुन्याचा असला म्हणून प्रेक्षकाचे मन खुन्याचे होत नाही. चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतसे ते शेवटी वाचणाऱ्या मुलीकडे जाते, असे त्यांचे प्रतिपादन.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे आम्हांस वाटते. निवाडा तत्त्वावर करण्यापेक्षा एकेका आरंभदृश्यावर करावा हे बरे. उसने घेतलेले डोळे परत करायचे ठिकाण आधीच ठरलेले आहे का, एवढे पाहावे. मामुलियन ते व्याख्यानगृहात परत करतो, कार्पेंटर घराच्या दाराशी. जिथे ते परत केलेच जात नाहीत, तिथे प्रेक्षक नुसता खुनाचा वाटेकरी होऊन राहतो आणि त्याला त्याचा जाबही द्यावा लागत नाही.

१९८१ साली ब्रायन डी पाल्मा यांनी ‘ब्लो आउट’च्या आरंभी या सगळ्याचे विडंबनच केले. वसतिगृहाच्या खिडक्यांतून डोकावणारा तोच कॅमेरा, तोच जड श्वास. शेवटी न्हाणीघरातल्या मुलीची किंकाळी इतकी फुसकी निघते की चित्रफीत थांबते. आपण एका भिकार चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकाबरोबर बसून तो पाहत होतो हे तेव्हा कळते. हे विडंबन चित्रित केले खुद्द स्टेडिकॅमचे जनक गॅरेट ब्राउन यांनी. तीन वर्षांत एक शोध थट्टेचा विषय झाला होता.

त्याच साली मात्र मिशिगनकडच्या मुलांनी त्याच युक्तीत पुन्हा जीव ओतला. सॅम रेमी हे मिशिगन राज्य विद्यापीठातले शिक्षण सोडून आलेले. १९७८ साली त्यांनी मित्रांसह ‘विदिन द वूड्स’ हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट सुपर-८ वर केला, तो पुढच्या चित्रपटासाठी धनको मिळवण्याकरिता. दंतवैद्य, वकील अशा मंडळींना तो दाखवून जमवलेल्या पैशांतून ‘द इव्हिल डेड’ उभा राहिला. त्याची सुरुवात धुक्याने भरलेल्या दलदलीवरून सरपटत जाणाऱ्या दृष्टीने होते. हे डोळे माणसाचे नाहीत, कारण माणूस इतक्या खालून आणि इतक्या वेगाने जात नाही. मधूनमधून मोटारीतून सुट्टीला निघालेली पाच तरुण मंडळी दिसतात. दोन्ही वाटा एकमेकींना छेदणार एवढेच आपल्याला कळते. पॅनाग्लाइड परवडणारे नव्हते. या चित्रपटातल्या अशा धावत्या शॉट्ससाठी फळीच्या मधोमध कॅमेरा ठोकायचा आणि दोघांनी दोन टोके धरून पळायचे, ही युक्ती त्यांनी योजली. फळी लांब असल्यामुळे धक्के विभागले जातात आणि जी थोडी थरथर उरते ती त्या अमानवी दृष्टीला शोभून दिसते.

कोणाला किती ठाऊक?

आता दुसरा प्रश्न. तो समजून घ्यायला दहा वर्षे मागे, पिट्सबर्गला जावे लागते. जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र तिथे जाहिरातपट करीत. १९६७ साली त्यांनी एक लाख डॉलरांहून थोड्या अधिक खर्चात, कृष्णधवल फितीवर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ चित्रित केला. प्रदर्शन १९६८ चे. आरंभी एक मोटार निर्जन रस्त्याने स्मशानात येते. भाऊ आणि बहीण वडिलांच्या थडग्यावर फुलांचे चक्र वाहायला आले आहेत. भाऊ लांबच्या प्रवासाबद्दल कुरकुरतो, बहिणीला लहानपणीसारखा भुताची भीती घालतो. भावाचे काम करणारे रसेल स्ट्रायनर हेच एक निर्माते, आणि मोटार त्यांच्या आईची.

दृश्य उजेडातले आहे. आणि या सगळ्या कुरबुरीच्या मागे, चौकटीच्या खोल भागात, एक उंच माणूस अडखळत चालताना दिसतो. त्याच्यावर प्रकाश टाकलेला नाही, संगीत त्याच्याकडे बोट दाखवत नाही. प्रेक्षक त्याला पाहतो आणि सोडून देतो, भाऊ-बहीण जसे सोडून देतात तसेच. तो जवळ येऊन झडप घालतो तेव्हा धक्का बसतो तो आपल्या दुर्लक्षाचा. इथे प्रेक्षकाला पात्रांपेक्षा तसूभरही अधिक ठाऊक नाही, फक्त अधिक दिसत होते.

याच चित्रपटाच्या नांदीची एक उपकथा आहे, आणि ती प्रत्येक होतकरू दिग्दर्शकाने पाठ करावी. चित्रपटाचे आधीचे नाव वेगळे होते. वितरकाने ते बदलले आणि शीर्षकाची पाटी नव्याने केली. स्वामित्वहक्काची सूचना जुन्या पाटीवर होती. नव्या पाटीवर ती घालायची राहिली. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार सूचनेविना प्रदर्शित झालेली कृती सार्वजनिक मालकीची होत असे. पुढे पन्नास वर्षे जगभर हा चित्रपट कोणीही छापला, विकला, दाखवला आणि मूळ मंडळींना त्यातले फारसे मिळाले नाही. अर्थात त्या मुक्त प्रसारामुळेच तो घरोघर पोचला हेही खरे. आरंभदृश्यातली एक ओळ गळाली आणि एका चित्रपटाचे नशीब पालटले.

आपल्याकडे याच प्रश्नाचे उत्तर अगदी उलट दिले गेले. १९४९ च्या ‘महल’मध्ये कमाल अमरोही यांनी एका वादळी रात्री नायकाला यमुनाकाठच्या हवेलीत आणले आणि म्हाताऱ्या माळ्याकडून हवेलीची पूर्वकथा सांगवली. छायालेखन जोसेफ वर्शिंग या जर्मन छायालेखकाचे. सावल्यांची समज त्याने बरोबर आणलेली. परंतु आरंभाचा ढाचा मात्र इथल्या कथनाचाच आहे. आधी आख्यायिका, मग घटना. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये रामसे बंधूंनीही तेच केले. दोनशे वर्षांपूर्वीचा राजा, पकडला गेलेला सामरी, त्याचा शिरच्छेद, पेटीत बंद केलेले मस्तक, आणि राजाच्या वंशातल्या स्त्रिया बाळंतपणात मरतील हा शाप. श्रेयनामावलीच्या आसपासच प्रेक्षकाला इतके सारे कळते. वर्तमानातल्या तरुण जोडप्याला त्यातले काही ठाऊक नसते.

हे भाबडेपण नव्हे. पश्चिमेकडच्या त्या स्मशानात आपत्ती अकस्मात येते, कारण तिथे भीती अनोळखी माणसाची आहे. आपल्या भयपटात आपत्ती वारशाने येते. कोणीतरी पूर्वजाने काही केले, त्याचे फळ नातवाला. अशा गोष्टीत प्रेक्षकाला आधी सर्व सांगावेच लागते, म्हणजे मग नातू त्या दाराकडे निघाला की सभागृहातून ‘जाऊ नकोस’ अशी हाक येते. शिवाय रामसे मंडळींचे शिक्षणही मोठे मजेचे. वडील फतेहचंद यांनी मुलांना काश्मीरमध्ये नौकागृहावर नेऊन जोसेफ मॅसेली यांच्या छायालेखनावरील पुस्तकाचे धडे गिरवायला लावले. मग एकाने कॅमेरा, एकाने ध्वनी, एकाने संकलन अशी वाटणी झाली. त्याच पद्धतीने महाबळेश्वरात तळ ठोकून घरच्या घरी केलेला ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला. ती एक कौटुंबिक चित्रपटशाळाच होती म्हणावयास हरकत नाही.

२०१८ च्या ‘तुंबाड’लाही हीच परंपरा आहे. नारायण धारपांच्या कथेतून बीज घेतलेला हा चित्रपट देवी, तिचे सोने आणि तिचा शापित पुत्र यांच्या आख्यायिकेने उघडतो. बाप मुलाला ती सांगतो. हाव वारशाने चालते हे सांगायचे असेल, तर बापाच्या तोंडून ऐकवण्याहून योग्य नांदी कोणती?

खरे की खोटे?

तिसरा प्रश्न मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. कोकणातली भुताची गोष्ट कधी ‘एक आटपाट नगर होते’ अशी सुरू होत नाही. ती सुरू होते ती साक्षीदाराने: आमच्या आजोबांच्या चुलतभावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. पिंपळ कोणता, विहीर कोणाच्या परसातली, तिथी कोणती, हे आधी नोंदवले जाते आणि मग मुंजा येतो.

१९७४ च्या ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ने हेच केले. टोबी हूपर ऑस्टिनच्या विद्यापीठाशी संबंधित होते आणि त्यांचे बरेचसे साहाय्यक तिथलेच विद्यार्थी व शिक्षक. आरंभी पडद्यावर मजकूर सरकतो आणि गंभीर आवाज तो वाचतो. हे सारे घडलेले आहे असे सुचवले जाते, १८ ऑगस्ट १९७३ ही तारीख दिली जाते. वस्तुतः चित्रीकरणच १९७३ च्या त्या उन्हाळ्यात झाले होते, आणि कथेला विस्कॉन्सिनमधल्या एका जुन्या प्रकरणाचा दूरचा आधार तेवढा होता. त्यानंतर मिट्ट काळोख, छायाचित्र काढताना उडावा तसा लख्ख प्रकाश, त्यात क्षणभर दिसणारे कुजलेले हात, आणि पुन्हा काळोख. सरकारच जनतेशी खोटे बोलत होते, त्या काळाला हे उत्तर होते, असे हूपर पुढे सांगत. वॉटरगेटचे ते दिवस.

१९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने हा डाव आणखी पुढे नेला. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचे चित्रपट-विद्यार्थी. त्यांची कथाही विद्यार्थ्यांचीच. आरंभदृश्य म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे: ऑक्टोबर १९९४ मध्ये मेरीलँडच्या रानात माहितीपट करायला गेलेले तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि वर्षभराने त्यांचे चित्रीकरण सापडले, अशा अर्थाची. त्यानंतरचे पहिले चित्र धूसर आहे आणि मग ते स्पष्ट होते. जगातली ही बहुधा सर्वांत स्वस्त नांदी असेल. पण तिने काय साधले पाहा. पुढचे प्रत्येक हललेले, अंधारलेले, चौकट चुकलेले दृश्य पुरावा ठरले. साधनांची उणीव ही उणीव उरलीच नाही. शेवट काय होणार हे पहिल्याच पाटीत सांगून टाकलेले, आणि तरीही लोक श्वास रोखून बसले.

परंतु या खोट्याची किंमत कोणी मोजली? नटांनी आपली खरी नावे पात्रांना दिली होती. प्रसिद्धीसाठी ते बेपत्ता असल्याची पत्रके वाटली गेली. मुख्य अभिनेत्रीच्या आईला ओळखीपाळखीच्यांची सांत्वनपत्रे आली. चित्रपटाने जगभरात सुमारे पंचवीस कोटी डॉलर मिळवले. त्यातला न्याय्य वाटा आपल्याला मिळाला नाही ही त्या नटांची तक्रार २०२४ साली जाहीर पत्रातून पुन्हा पुढे आली. आजोबांच्या चुलतभावाच्या नावावर मुंजा खपवणारा गोष्टीवेल्हाळ माणूस स्वतः समोर बसलेला असतो. डोळे मिचकावून तो खोटे परत घेऊ शकतो. पडद्यावरच्या पाटीला ती सोय नाही. विद्यार्थी-दिग्दर्शकाने खरेपणाचा दावा करण्याआधी त्या दाव्याखाली नाव कोणाचे जाणार आहे हे पाहावे.

वहीचे पहिले पान

आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गरिबीने प्रतिभा येत असती तर दरवर्षी शेकडो ‘हॅलोवीन’ निपजले असते. टिकलेल्या पाच-सहा चित्रपटांकडे पाहून विसरल्या गेलेल्या हजारोंविषयी बोलू नये. हे आम्हांस मान्य आहे. गरिबी काही निर्माण करीत नाही. ती एवढेच करते की निर्णय टाळण्याची सवलत काढून घेते. ज्याच्यापाशी दहा कोनांतून चित्रित करण्याइतके पैसे व दिवस आहेत, तो कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे हा प्रश्न संकलनाच्या खोलीपर्यंत लांबवू शकतो. ज्याला घराचा एकच भाग रंगवणे परवडते, त्याला कॅमेरा कुठून जाणार हे आज रात्रीच ठरवावे लागते.

आज परिस्थिती आणखी पालटली आहे. खिशातल्या फोनवर चित्रीकरण होते, कॅमेरा न डगमगू देणारी छोटी उपकरणे सहज मिळतात, आणि धावायला फळी व दोन मित्र लागत नाहीत. साधनांची गरिबी पुष्कळशी संपली, त्यामुळे निर्णय टाळण्याची सवलतही परत आली. म्हणून आजच्या विद्यार्थ्याला ती शिस्त स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागेल. पहिल्या पानावर दचका लिहिण्याआधी त्याने तीन ओळी लिहाव्यात: पाहणारा कोण आहे आणि त्याचे डोळे मी कुठे परत करणार, प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक, तेवढेच की कमी ठाऊक आहे, आणि मी कोणता दावा करतो आहे व तो कोणाच्या जिवावर. या तिन्हींची उत्तरे मिळाली की दार कधी वाजवायचे हे ठरवायला फार वेळ लागत नाही. कित्येकदा ते वाजवावेच लागत नाही.

आणि शीर्षकाची पाटी शेवटी बदलली, तर तिच्यावरची प्रत्येक ओळ पुन्हा एकदा वाचून पाहावी. असो.